तिसऱ्या, कालवं आणि कोंबडीचं अंडं: एकाच कॅल्शियम कार्बोनेटच्या दोन घडणी

बेळगावच्या मासळी बाजारात कारवार-गोव्याकडच्या तिसऱ्या येतात, कधी कालवंही येतात. दोघांची कवचं धुऊन, कुटून त्यावर लिंबू पिळलं तर दोन्ही सारखीच फसफसतात. हा फेस कार्बन डायऑक्साइडचा. त्यावरून दोन्ही कवचं कॅल्शियम कार्बोनेटची आहेत एवढंच कळतं, आणि शाळेच्या पुस्तकात विषय बहुधा इथेच संपतो. पण तिसरीचं कवच ॲरॅगोनाइटचं असतं आणि मोठ्या झालेल्या कालवाचं जवळजवळ सगळं कॅल्साइटचं. रासायनिक सूत्र एकच, खनिजं मात्र दोन.

फरक अणूंच्या रचनेत आहे. कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे ६ अणू असतात, ॲरॅगोनाइटमध्ये ९. त्यामुळे ॲरॅगोनाइट जास्त दाट भरलेलं असतं: एका घनसेंटिमीटरला २.९३ ग्रॅम, तर कॅल्साइट २.७१. ॲरॅगोनाइट थोडं कठीणही असतं. मात्र नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला टिकाऊ ठरतं ते कॅल्साइट.

मग टिकाऊ खनिज सोडून समुद्रात ॲरॅगोनाइट का तयार होतं? मॅग्नेशियममुळे. आजच्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे साधारण ५ आयन असतात. ते वाढत्या कॅल्साइटच्या स्फटिकात शिरतात आणि त्याची वाढ अडवतात. ॲरॅगोनाइटच्या रचनेत त्यांना जागाच नसते, म्हणून त्याचं फारसं बिघडत नाही. उष्णतेचाही असाच परिणाम होतो. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या बंबात किंवा गिझरमध्ये जो पांढरा थर धरतो, त्यात कॅल्साइटबरोबर ॲरॅगोनाइटही सापडतं.

इथवर सगळं पाण्यावर ठरतंय असं वाटतं. पण कालव त्याच समुद्रात राहून कॅल्साइट बनवतं. त्याहून नवल म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या त्याच्या पिल्लाचं कवच ॲरॅगोनाइटचं असतं. खडकाला चिकटून वाढायला लागलं की तोच जीव खनिज बदलतो. कोंबडीचं उदाहरण तर घरचंच आहे. कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात. तो ॲरॅगोनाइटचा असो की कॅल्साइटचा, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि अंड्याचं कवच शेवटी कॅल्साइटचंच होतं. उलट पावसाळ्यात खानापूरच्या रानात दिसणारी गोगलगाय आपला शंख ॲरॅगोनाइटचा करते. मलप्रभा-घटप्रभेतल्या शिंपल्यांच्या आतली चमकही ॲरॅगोनाइटच्या अतिशय पातळ पत्र्यांची. कच्चा माल कुठून आला याला इथे काही किंमत नाही.

याचा पुरावा प्रयोगशाळेने दिला, आणि मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच प्रयोग. १९९६ साली फालिनी, आल्बेक, वाइनर आणि अद्दादी या शास्त्रज्ञांनी कायटिन (खेकड्या-कोळंबीच्या कवचातला चिवट पदार्थ) आणि रेशमाचं प्रथिन घेऊन शिंपल्याच्या चौकटीसारखी रचना तयार केली. तिच्यात शिंपल्यांतून काढलेले विरघळणारे जैविक रेणू घातले. ॲरॅगोनाइटच्या थरातले रेणू घातले की ॲरॅगोनाइट तयार झालं, कॅल्साइटच्या थरातले घातले की कॅल्साइट. भांड्यात जिवंत काहीच नव्हतं, तरी खनिजाची निवड झाली. गवंड्याने वीट कशी रचायची हे आधी बांधलेल्या साच्यावरून ठरावं, तसं हे काम चालतं.

तरीही काचेचं भांडं म्हणजे शिंपला नव्हे. हा भेद विसरला की या विषयावरचं वाचन पुढे गोंधळात टाकतं. कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम कार्बोनेट यांची द्रावणं एकत्र केली की पाणी दुधासारखं होतं. त्या क्षणी त्यात असतं ते बिनस्फटिकी कॅल्शियम कार्बोनेट. ते थोड्याच वेळात स्फटिक होऊन बसतं आणि थंड, शुद्ध पाण्यात अखेर कॅल्साइटवर येऊन थांबतं. प्राणीही हाच बिनस्फटिकी टप्पा वापरतात, पण तो धरून ठेवतात, हव्या त्या जागी नेतात आणि मगच त्याला स्फटिक होऊ देतात. समुद्री साळ्याच्या (सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या) पिल्लाच्या काट्यांत हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. प्रयोगशाळेचा नमुना कोणतं खनिज होणार हे सांगतो; कुठे, केव्हा आणि किती, याचा ताबा अजून पेशींकडेच आहे.

आपल्या भागातला एक गैरसमजही इथे दूर करावासा वाटतो. गोकाकच्या पूर्वेला यादवाड-लोकापूरकडचा चुनखडक पाहून ‘हा जुन्या शिंपल्यांचा’ असं सहज म्हटलं जातं. तो कलादगी खोऱ्यातला खडक आहे, १०० कोटी वर्षांहून जुना. तेव्हा शिंपल्याचे प्राणीच नव्हते. सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले स्ट्रोमॅटोलाइट मात्र या खोऱ्यात सापडतात. आणि सुरुवातीला ॲरॅगोनाइट असलंच, तरी एवढ्या काळात ते कॅल्साइट किंवा डोलोमाइट (कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेलं कार्बोनेट) होऊन गेलेलं असणार.

नक्की ओळख क्ष-किरणांनीच पटते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जुनी परीक्षाही करता येते: दोन्ही कवचांची पूड कोबाल्ट नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटं उकळायची. ॲरॅगोनाइट जांभळं पडतं, कॅल्साइट बहुतेक पांढरंच राहतं. फार वेळ उकळलं तर तेही रंग धरू लागतं, म्हणून वेळेवर लक्ष हवं. कोबाल्टचे क्षार विषारी आहेत. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि हातमोजे घालूनच करा.