डास कमी करणं वेगळं, डासांचं वय कमी करणं वेगळं

हिवतापाचा विषय निघाला की आपण ‘डास कमी करा’ म्हणून मोकळे होतो. पण डबक्यात गप्पी मासे सोडणं आणि घराच्या भिंतींवर औषध फवारणं ही एकच गोष्ट नाही. पहिल्यानं मुख्यतः डासांची संख्या घटते, दुसऱ्यानं त्यांचं आयुष्यही. हा फरक किती मोठा आहे, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गणित मांडलं की दिसतं.

1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनीच पुढे रोगप्रसाराची समीकरणंही मांडली. त्यांचा भर संख्येवर होता: शेवटचा डास मारायची गरज नाही, एका मर्यादेच्या खाली संख्या आणली तरी रोग ओसरतो. वयाचं महत्त्व 1950 च्या दशकात ब्रिटिश हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडॉनल्ड यांनी दाखवून दिलं.

कारण असं की रुग्णाचं रक्त प्यायलेली ॲनोफेलिस (हिवताप पसरवणाऱ्या डासाची) मादी लगेच रोग देत नाही. परजीवी तिच्या लाळग्रंथींत पोचायला उष्ण हवेत साधारण 10 ते 12 दिवस लागतात. रोज 100 पैकी 90 माद्या जगत असतील, तर 10 दिवसांनी 35 उरतात. रोज 80 च जगल्या, तर जेमतेम 11. शिवाय उरलेल्यांचं पुढचं आयुष्यही निम्म्यावर येतं. दोन्ही धरून प्रसाराची ताकद जवळपास सातव्या हिश्शावर येते. संख्या निम्मी केली, तर ती फक्त निम्मी होते.

डासाचं वय ओळखायची एक सुंदर रीत आहे. मादीचं अंडाशय सूक्ष्मदर्शकाखाली उघडायचं. त्यावरच्या बारीक श्वासनलिका सुताच्या लडीसारख्या गुंडाळलेल्या असतील, तर तिनं अजून अंडी घातलेली नाहीत. उलगडलेल्या असतील, तर घालून झालीत. फवारणीनंतर दुसऱ्या प्रकारच्या माद्या कमी सापडू लागल्या, तर औषध लागू पडतंय असं मानायला जागा आहे.

मग सरसकट फवारणीच करावी का? नाही. नायजेरियातल्या गार्की भागात 1970 च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं गणिती मॉडेल आणि प्रत्यक्ष फवारणी यांची सांगड घातली. प्रोपॉक्सर हे कीटकनाशक फवारूनही प्रसार थांबला नाही. तिथे प्रसाराचा जोर मुळातच प्रचंड होता, आणि बरेच डास भिंतीवर न टेकता बाहेरच विसावत. आजची संगणकीय मॉडेलं, उदाहरणार्थ बासेलच्या स्विस संस्थेचं ओपनमलेरिया, असे तपशील धरूनच चालतात. गावातल्या एकेका माणसाची प्रतिकारशक्ती, मच्छरदाणीला पडणारी भोकं, उतरत जाणारं औषध, सगळं त्यांत घालता येतं. माझ्या मते त्यांचं मोल इथेच आहे, कारण हाती करायच्या सूत्रात ही गुंतागुंत मावत नाही.

आणि संख्येचा मार्ग कमी दर्जाचा अजिबात नाही. डासांची पैदास कुठे होते ते मोजता येत असेल, तर तोच सरस ठरू शकतो. 1911 मध्ये हिवतापाचे अभ्यासक बेंटली यांनी मुंबईच्या अहवालात विहिरींत वाढणाऱ्या ॲनोफेलिस स्टीफेन्साय या जातीच्या डासावर बोट ठेवलं होतं. विहिरी, टाक्या या ठिकाणांची यादी करता येते आणि त्यांवर झाकण बसवता येतं. हाच डास 2012 मध्ये जिबूतीत आणि 2016 मध्ये इथिओपियात सापडला. आफ्रिकेच्या खेड्यांतले डास पावसाच्या हजारो डबक्यांत वाढतात. हा मात्र शहरात, घरोघरच्या साठवलेल्या पाण्यातही वाढतो.