दुखापतीचे सोंग: एसईसीचा दंड आणि एनसीएएचा टाइमआउट

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये खोट्या दुखापतींना आळा घालण्यासाठी सहा महिन्यांच्या आत दोन उपाय पुढे आले. दक्षिणेकडच्या विद्यापीठांचा गट असलेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशिक्षकांसाठी दंडाची चढती श्रेणी जाहीर केली, तर देशभरातल्या कॉलेज क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने एप्रिल २०२५ मध्ये टाइमआउटचा, म्हणजे संघाला स्वतःहून खेळ थांबवण्यासाठी मिळणाऱ्या मोजक्या संधींचा, नवा नियम मंजूर करून तो त्याच वर्षीच्या हंगामापासून लागू केला. दोन्हींचा रोख एकाच खोडीवर असल्यामुळे प्रेक्षक त्यांची सरमिसळ करतात आणि ‘आता सोंग केले की टाइमआउट जातो’ असे सरसकट बोलले जाते. प्रत्यक्षात टाइमआउटचा नियम सोंग आहे की नाही हे विचारतच नाही. पुढच्या चालीसाठी चेंडू ठेवल्यानंतर मदत लागली, तर खेळाडूचा पाय खरोखर मुरगळला असला तरी टाइमआउट जातो, आणि सोंग अगदी उघड असले तरी वेळ साधलेली असेल तर तो जात नाही.

हा फरक समजण्यासाठी मैदानावर पडण्याचा मोह मुळात का होतो हे पाहावे लागते. अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि प्रत्येक प्रयत्नाआधी साधारण ४० सेकंदांचा अवधी असतो. पूर्वी बहुतेक संघ या अवधीत घोळका करून पुढची चाल ठरवत. वेगवान आक्रमणाचे तंत्र रुळल्यापासून अनेक संघ घोळका न करताच रांगेत उभे राहतात आणि पंचांनी चेंडू जागेवर ठेवला की लगेच पुढची चाल सुरू करतात. आक्रमक संघाने खेळाडू बदलला, तर बचाव करणाऱ्या संघालाही बदलासाठी वेळ देणे पंचांवर बंधनकारक असते. पण आक्रमक संघाने बदल केलाच नाही, तर समोरच्या दमलेल्या अकरा जणांना बदलायला सवड मिळत नाही. सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे खेळाडू अशा सलग आठ-दहा चालींनंतर अक्षरशः धापा टाकत असतात. अशा वेळी एक जण खाली बसला की पंच खेळ थांबवतात, वैद्यकीय पथक आत येते, बाकीचे पाणी पितात आणि प्रशिक्षक नव्या सूचना देऊन ताजे खेळाडू आत पाठवतात. जुन्या नियमानुसार या साऱ्याचे मोल एवढेच होते, की पडलेल्या खेळाडूने एका चालीपुरते बाहेर जायचे.

आपल्याकडे ओळखीच्या फुटबॉलमध्ये पेनल्टीसाठी जी लोळण घेतली जाते, तिच्याशी याची गल्लत करू नये. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या माथी फाउल मारायचा असतो. इथे कोणावर आरोप नसतो, फक्त प्रतिस्पर्ध्याची लय तोडायची असते. क्रिकेटमध्ये याच्या जवळचे उदाहरण सापडते. २०२४ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिका सहज जिंकेल अशी स्थिती असताना ऋषभ पंतने गुडघ्याला पट्टी बांधून घेण्यासाठी खेळ थांबवला, आणि त्या चतुराईने फलंदाजांची लय कशी मोडली हे रोहित शर्माने पुढे एका कार्यक्रमात हसत हसत सांगितले.

कॉलेज फुटबॉलच्या नियमपुस्तिकेतील आचारसंहितेत दुखापतीचे सोंग हे अप्रामाणिक आणि खिलाडूवृत्तीला सोडून असल्याचे फार पूर्वीपासून नमूद आहे. मात्र त्यासाठी मैदानावर यार्डांची, म्हणजे चेंडू संघाच्या तोट्याच्या दिशेने काही यार्ड सरकवण्याची, शिक्षा ठेवलेली नव्हती, आणि त्याला सबळ कारण होते. पंच डॉक्टर नसतात. खाली पडलेल्या विशीतल्या मुलाला ‘तू नाटक करतो आहेस’ असे म्हणण्याचा अधिकार पंचांना दिला आणि त्याच्या डोक्याला खरोखर मार लागलेला निघाला, तर ती जबाबदारी कोणी घ्यायची? त्यामुळे शिक्षेची वाट सामन्यानंतरच्या चौकशीतूनच जाणार होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतील संघाने २०१० मध्ये त्या काळी अव्वल क्रमांकावर आणि भन्नाट वेगात असलेल्या ओरेगनला अवघ्या १५ गुणांवर रोखले आणि सामना १३-१५ असा थोडक्यात गमावला. त्या सामन्यात बचावफळीतला एक खेळाडू बाजूरेषेकडे पाहून खाली बसताना कॅमेऱ्यात टिपला गेला, आणि त्याला तशी सूचना दिल्याबद्दल सहायक प्रशिक्षकाला विद्यापीठानेच एका सामन्यासाठी निलंबित केले.

२०२२ मध्ये एनसीएएने या चौकशीला रीतसर रूप दिले. एखाद्या संघाला किंवा कॉन्फरन्सला संशय आला तर पंचांच्या राष्ट्रीय समन्वयकाकडे चित्रफीत पाठवायची. ते मत देणार, आणि पुढची कारवाई संबंधित कॉन्फरन्सने किंवा विद्यापीठाने करायची. कारवाई ऐच्छिक असल्यामुळे तिचा धाक फारसा बसला नाही. एसईसीचे आयुक्त ग्रेग सँकी यांनी २०२४ च्या हंगामाच्या मध्यावर काढलेल्या पत्राने या यंत्रणेला प्रथमच दात आले. पहिल्या गुन्ह्याला मुख्य प्रशिक्षकाची जाहीर कानउघाडणी आणि ५०,००० डॉलर दंड, दुसऱ्याला १,००,००० डॉलर, आणि तिसऱ्याला एका सामन्याचे निलंबन. हा दंड विशीतल्या मुलाऐवजी त्याला खुणावणाऱ्या माणसावर बसतो, ही त्यातली सर्वांत शहाणपणाची बाब म्हणावी लागेल.

तरीही या मार्गाची अडचण मुळातच आहे, कारण इथे हेतू सिद्ध करावा लागतो. व्यावसायिक एनएफएलमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स क्लब, त्याचे दोन प्रशिक्षक आणि कॅमरन जॉर्डन हा खेळाडू यांना अशाच एका प्रसंगासाठी एकूण साडेपाच लाख डॉलरचा दंड ठोठावला गेला आणि पुढे अपिलात तो रद्द झाला. शिवाय असा दंड सामना संपल्यावर येतो. सोंगामुळे अडलेली चाल परत मिळत नाही आणि गुणफलकही बदलत नाही.

एनसीएएचा २०२५ चा नियम नेमक्या याच जागी वेगळी वाट धरतो. पंचांनी पुढच्या चालीसाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर जर वैद्यकीय पथकाला एखाद्या खेळाडूसाठी मैदानात यावे लागले, तर त्याच्या संघाचा एक टाइमआउट वजा होतो. टाइमआउट शिल्लक नसेल तर खेळ रेंगाळवल्याबद्दल पाच यार्डांची शिक्षा होते. दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणावेत. पहिल्यात बचावपटू टक्कर होताच जमिनीवर पडतो आणि उठत नाही. पंचांच्या हातात अजून चेंडूही आलेला नसतो. इथे खेळ थांबतो, तो एका चालीसाठी बाहेर जातो आणि संघाचे बाकी काही जात नाही. दुसऱ्यात तोच खेळाडू चाल संपल्यावर धडधाकट चालत आपल्या जागी येतो, चेंडू ठेवला जातो, समोरचा संघ रांगेत उभा राहतो, आणि मग तो बाजूरेषेकडे एक नजर टाकून पोटरी धरून बसतो. इथे टाइमआउट जातो. पंचांनी फक्त घड्याळ आणि चेंडू पाहायचा, चेहरा वाचायचा नाही. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही असे आपल्याकडे म्हणतात. प्रत्येक अर्ध्यात तीनच टाइमआउट मिळत असल्यामुळे प्रशिक्षकाच्या दृष्टीने ते रोख पैशासारखेच असतात.

एनएफएलमध्येही दुखापतीपायी टाइमआउट जाऊ शकतो, मात्र तो प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांतच. कॉलेजचा नियम सामन्याच्या पहिल्या चालीपासून लागू असतो, कारण तिथली दुखणी वेगवान आक्रमणाशी जोडलेली आहेत आणि ते पहिल्या पाच मिनिटांतही सुरू होऊ शकते. या वेगालाच लगाम घालण्याचा प्रयत्न २०१४ मध्ये झाला होता. पहिल्या दहा सेकंदांत चाल सुरू करता येणार नाही, असा तो प्रस्ताव होता. वेगवान संघांच्या प्रशिक्षकांनी गदारोळ केल्यावर तो मागे पडला.

टाइमआउटच्या नियमाचा भुर्दंड प्रामाणिक खेळाडूलाही पडतो, हे मान्य करावेच लागते. सप्टेंबरमधल्या दक्षिणेकडच्या उकाड्यात पायात येणारे गोळे पुष्कळदा चाल संपल्यावर, खेळाडू उभा असतानाच येतात; डोक्याला बसलेल्या धक्क्याची लक्षणेही कधी कधी काही क्षणांनी जाणवतात. आपल्यामुळे संघाचा टाइमआउट जाईल या भीतीने एखादा खेळाडू लंगडत पुढची चाल खेळला, तर नियमाचा हेतू आणि परिणाम यांची दिशा उलटी होते. हा धोका नियम करणाऱ्यांनी पत्करला आहे, आणि माझ्या मते तो पत्करण्याजोगा असला तरी लहान नाही.

पळवाटही उघडीच आहे. चेंडू ठेवला जाण्याआधी, म्हणजे चाल संपताच पडून राहिले, तर टाइमआउट वाचतो. हुशार प्रशिक्षक हे पहिल्या आठवड्यातच ओळखणार, आणि या टप्प्यावर एसईसीच्या दंडाची गरज पुन्हा भासते, कारण टक्कर झाली की नाही आणि इशारा कोणी दिला हे सामन्यानंतर चित्रफितीवरच शोधता येते. नव्या नियमाचा पंजा तिथपर्यंत पोहोचत नाही. शेवटच्या काही मिनिटांत टाइमआउट संपलेल्या संघाच्या बाबतीत तर हिशेब आणखी सरळ आहे. गोलरेषेजवळ येऊन ठेपलेल्या आक्रमणाची लय मोडायला पाच यार्ड मोजावे लागत असतील, तर कित्येक प्रशिक्षक ते आनंदाने मोजतील, आणि त्यांना रोखायला पुढच्या आठवड्यात येणाऱ्या दंडाच्या पत्राखेरीज दुसरे काही नसेल.