खारं पाणी, दुष्फेन पाणी आणि चुनखडीचा ओलावा

नागपुरात बोअरच्या पाण्याला सरसकट 'खारं' म्हणतात. जिभेला मीठ लागत नाही, पण साबणाचा फेस होत नाही आणि बादलीला पांढरा थर चढतो, म्हणून खारं. खरं तर ते दुष्फेन असतं: त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. खाऱ्या पाण्यात मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड. घरात हा घोळ खपून जातो, चुनखडीपाशी नाही.

संगमरवराचा, पॉलिशचा हात न लागलेला तुकडा घ्या. स्वच्छ धुवून वाळवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पसरतो. आता तोच तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात ठेवून, विसळून वाळवा. थेंब गोळा होऊ लागतो, अळूच्या पानावरच्या थेंबाची आठवण देतो. दगडातल्या कॅल्शियमने साबणातलं मेदाम्ल धरून ठेवलं आणि त्याची तेलकट शेपटी बाहेर राहिली. बादलीतली साबणाची चिकट साय याच रसायनाची.

तेलसाठ्यातही हेच घडतं. मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडीत आहे. अशा खडकाला कच्च्या तेलातली आम्लं चिकटतात, मग तो पाण्याला जवळ करत नाही आणि तेल सोडत नाही.

ते सुटावं म्हणून साठ्यात पाणी सोडतात. त्या पाण्यात मीठ किती यापेक्षा मीठ कोणतं हे मोठं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यात सल्फेट जेमतेम २.७ ग्रॅम. तरी कळीचं काम त्याचं. ऋणभारित सल्फेट खडकाच्या धन पृष्ठभागावर बसतं, तिथला धनभार कमी करतं. मग पाण्यातलं कॅल्शियम जवळ येऊन चिकटलेलं आम्ल सोडवून नेतं. खडक तापलेला असेल तर मॅग्नेशियमही हात लावतं. एकट्या कॅल्शियमला हे जमत नाही. सल्फेट नसेल तर ते धनभार उलट वाढवतं. सोडियम-क्लोराइड पृष्ठभागाजवळ नुसती गर्दी करतात, म्हणून तेवढेच काढून टाकले तर पाणी अधिक चांगलं काम करतं. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क या तेलक्षेत्राच्या सुमारे १३० अंश तापलेल्या खडूच्या खडकात १९८७ पासून समुद्राचं पाणी सोडतात, ते तिथे मानवलं.

म्हणूनच साठ्यात सोडायच्या पाण्याबद्दलचा 'गोडं पाणी मिसळा, खारटपणा उतरवा' हा सल्ला मला अपुरा वाटतो. पातळ करताना सल्फेटही पातळ होतं. खडकातच अ‍ॅनहायड्राइट, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, असेल तर गोष्ट वेगळी: कमी खारट पाण्यात ते विरघळतं आणि सल्फेट जागच्या जागी मिळतं.