काशिकिरी-बुरो : ऱ्योकानमधील खासगी स्नानकुंड आणि टॅटू असलेले पाहुणे

जपानमधल्या ऱ्योकान या पारंपरिक निवासगृहांत एका वेळी एकाच कुटुंबाला किंवा सोबत आलेल्या मंडळींना ठरावीक वेळेपुरते मिळणारे स्नानगृह म्हणजे काशिकिरी-बुरो. लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे, वृद्ध माणसे आणि चारचौघांत विवस्त्र व्हायला संकोचणारे पाहुणे यांना ही सोय पूर्वीपासून उपयोगी पडत आली आहे. अलीकडे मात्र, सर्वांच्या सामायिक कुंडात पुष्कळ ठिकाणी टॅटूला मज्जाव असल्याने, अंगावर टॅटू असलेल्या प्रवाशाला ओन्सेनचे, म्हणजे नैसर्गिक गरम झऱ्याचे, स्नान मिळवून देणारा तो सर्वांत खात्रीचा मार्ग ठरला आहे.

ऱ्योकानातला मुक्काम बहुधा एक रात्र आणि दोन जेवणे असा असतो आणि त्याचे भाडे माणशी आकारतात. पाहुणा दुपारी तीनच्या सुमारास येतो, दारातच पादत्राणे उतरवतो, तातामी, म्हणजे गवती चटया, अंथरलेल्या खोलीत चहा घेतो आणि युकाता, म्हणजे सुती झगा, नेसून थेट स्नानाला निघतो. रात्रीच्या जेवणाआधी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा आणि सकाळी उठल्यावर पुन्हा, असे स्नान करणारे पुष्कळ असतात. एवढ्या दूर जाऊन, एवढे पैसे मोजून कुंडात उतरायला मिळाले नाही, तर मुक्कामाचा गाभाच हातचा जातो.

टॅटूबंदी कायद्यातून आलेली नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. १९४८ च्या ऱ्योकान व्यवसाय कायद्यात मुक्काम नाकारण्याची कारणे मोजकी आहेत आणि टॅटू हे त्यांतले नाही. केवळ टॅटू आहे म्हणून सार्वजनिक स्नानगृहांच्या कायद्याखाली कोणाला अडवता येत नाही, असे सरकारनेही २०१७ मध्ये संसदेला दिलेल्या लेखी उत्तरात म्हटले. तरीही सामायिक कुंडाचे नियम मालक स्वतः ठरवतो आणि ‘टॅटू असलेल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावतो. त्यामुळे पाहुण्याला खोली मिळते, पण कुंड मिळत नाही. खासगी स्नानाची सोय नेमकी ही अडचण दूर करते.

या बंदीमागे मोठा इतिहास आहे. एदो काळात (१६०३ ते १८६८) गुन्हेगारांना शिक्षा म्हणून कपाळावर किंवा दंडावर खुणा गोंदवत. त्याच काळात अग्निशामक, मजूर आणि कारागीर मोठ्या हौसेने पाठभर चित्रे गोंदवून घेत. चित्रकार उतागावा कुनियोशी याने १८२७ च्या सुमारास काढायला घेतलेल्या, अंगभर गोंदलेल्या वीरांच्या रंगीत ठशांनी या हौसेला भरते आले. १८७२ मध्ये मेइजी सरकारने पाश्चात्त्यांपुढे शोभत नाही म्हणून गोंदण्यावर बंदी घातली, ती १९४८ पर्यंत टिकली. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या आइनू या मूळ रहिवासी समाजातल्या स्त्रिया ओठांभोवती आणि दक्षिणेकडच्या ओकिनावातल्या स्त्रिया हातांवर गोंदवून घेत. त्यांच्या परंपराही याच काळात दडपल्या गेल्या. पुढे टॅटू म्हटले की याकुझा, म्हणजे संघटित गुन्हेगार, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले आणि इतर ग्राहक घाबरू नयेत म्हणून स्नानगृहांवर पाट्या झळकू लागल्या.

२०१३ मध्ये आदिवासी भाषांच्या परिषदेसाठी न्यूझीलंडहून होक्काइदोत आलेल्या तिथल्या माओरी या मूळ रहिवासी समाजातल्या एका स्त्रीला चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे स्नानगृहात प्रवेश नाकारला गेला. गुंडांना रोखण्यासाठी केलेला नियम एका समाजाच्या वंशखुणेवर लागू झाला, आणि तोही ज्या बेटावर आइनू स्त्रियांची गोंदणे पुसली गेली तिथेच. हा अन्यायच होता. या प्रसंगाची बरीच चर्चा झाली. जपानच्या पर्यटन विभागाने २०१५ मध्ये देशभर पाहणी केली. उत्तर दिलेल्या सुमारे ६०० निवासगृहांपैकी ५६ टक्के टॅटू असलेल्यांना सामायिक कुंडात घेत नव्हती, ३१ टक्के घेत होती आणि १३ टक्के टॅटू झाकण्याच्या अटीवर घेत होती. त्यानंतर विभागाने चिकटपट्टीने टॅटू झाकणे, वेगळी वेळ देणे किंवा काशिकिरी-बुरो सुचवणे असे पर्याय मालकांपुढे ठेवले. चिकटपट्टी छोट्या टॅटूपुरतीच उपयोगी असते. पाठभर किंवा दंडभर टॅटू असेल तर खासगी कुंडाला पर्याय नाही.

ही सोय दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात ऱ्योकानच्या आवारातले एखादे लहान कुंड ४० ते ६० मिनिटांसाठी मिळते. काही ठिकाणी वेळ आधी नोंदवावी लागते. काही ठिकाणी दाराबाहेरची पाटी ‘आत कोणी आहे’ अशी उलटवायची आणि आतून कडी लावायची, एवढेच. काही ऱ्योकान याचे वेगळे पैसे घेत नाहीत, काही एका वेळेसाठी दोन-चार हजार येन घेतात. दुसऱ्या प्रकारात खोलीलाच जोडून उघड्यावरचे स्वतंत्र कुंड असते. ते महाग पडते, पण रात्री-अपरात्री केव्हाही वापरता येते. मात्र खोलीत स्नानगृह आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण पुष्कळदा ते साध्या नळाच्या पाण्याचेच असते. उगमापाशी किमान २५ अंश सेल्सिअस तापमान किंवा ठरवून दिलेल्या खनिजांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात, असा ओन्सेनचा कायदेशीर निकष आहे. खोलीतल्या टबात ते पाणी येते का, हे वेगळे विचारावे लागते.

कडी लावल्यावर आधी कपडे ठेवायची छोटी जागा आणि वेताची टोपली दिसते. पुढच्या दारापलीकडे ठेंगणे स्टूल, लाकडी बादली आणि हातशॉवर असतो. स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे आणि फेसाचा मागमूस न ठेवता मगच कुंडात उतरायचे. हिनोकी या सुगंधी जपानी झाडाच्या लाकडाचे कुंड असेल तर वाफेसोबत त्या लाकडाचा वास दरवळतो. पाणी ४० ते ४२ अंशांचे असते, म्हणून पाय, गुडघे, कंबर असे हळूहळू उतरावे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवत नाहीत. एकांतातही हे नियम चुकत नाहीत, आणि निघताना कुंडाचे बूच काढायचे नसते, कारण पुढचे कुटुंब त्याच पाण्यात उतरणार असते.

ह्योगो प्रांतातले किनोसाकी हे या बाबतीत विशेष उल्लेखनीय गाव. तिथली सातही सार्वजनिक स्नानगृहे टॅटू असलेल्यांना खुली आहेत आणि पाहुणे युकाता व गेता, म्हणजे लाकडी खडावा, घालून ओढ्याकाठच्या विलो झाडांखालून एकातून दुसऱ्यात जातात. झरा साऱ्या गावाचा, ऱ्योकानांनी स्वतःचे कुंड काढायचे नाही, असा तिथला जुना दंडक होता. १९२५ च्या भूकंपानंतर एका ऱ्योकानने आपल्या इमारतीत कुंड बांधले. त्यावरून १९२७ मध्ये सुरू झालेला वाद १९५० मध्ये तडजोडीने मिटला आणि आतल्या कुंडांच्या आकारावर मर्यादा आली. आज अशी कित्येक लहान कुंडे काशिकिरी म्हणून दिली जातात. मात्सुयामा शहरातले १८९४ मध्ये बांधलेले दोगो ओन्सेन होनकान हे सार्वजनिक स्नानगृहही टॅटूला हरकत घेत नाही.

जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनाही हे माहीत असणे गरजेचे आहे. कपाळावर आणि हातांवर गोंदण असलेल्या आज्या आपल्याकडे अजून आहेत आणि दंडावर शिवमुद्रा किंवा मनगटावर आईचे नाव कोरून घेतलेली तरुण मंडळी तर सर्वत्र आहेत. जपानी मालकाला यांतला भेद कळेलच असे नाही. अनोळखी लोकांत पूर्ण विवस्त्र होणे आपल्या बहुतेकांना जमत नाही, म्हणून टॅटू नसला तरी खासगी कुंडच सोयीचे पडते. आरक्षण करतानाच टॅटू केवढा व कुठे आहे ते लिहून कळवावे आणि कोणते कुंड वापरता येईल याचे लेखी उत्तर घ्यावे. म्हणजे यजमानीणबाईंनाही, ज्यांना ओकामी म्हणतात, ऐन वेळी नाही म्हणण्याची पाळी येत नाही.

ऱ्योकानचा खर्च झेपत नसेल तर क्यूशू बेटावर मुक्कामाविना तासाच्या हिशेबाने मिळणारी कौटुंबिक स्नानगृहे आहेत. त्यांतल्या काहींमध्ये यंत्रात नाणी टाकली की रिकामे कुंड दर वेळी ताज्या झऱ्याच्या पाण्याने भरून मिळते.