क्ष-किरणांचं आकाश वाचायला कोल्हापुरात टीम पाहिजे

17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने पकडली आणि पावणेदोन सेकंदांत नासाच्या फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा छोटा झोत दिसला. तेव्हा आपला भारताचा ॲस्ट्रोसॅट हा खगोल उपग्रह पण वरच होता, पण त्याला काहीच दिसलं नाही, कारण त्याच्या जागेवरून तो स्फोट पृथ्वीच्या आड होता. आणि हे न दिसणंसुद्धा कामाला आलं बरं का! पृथ्वीच्या आड म्हणजे आकाशाचा नेमका कुठला तुकडा ते माहिती असतं, त्यामुळे झोत कुठून आला असेल ती जागा अजून आवळता आली. पुढे पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने पण त्याच्या रेडिओ लहरी मोजल्या आणि सगळ्यांचा मिळून जो मोठा पेपर आला त्याच्यावर हजारो लेखक आहेत.

क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या खगोलशास्त्राचं हे क्षेत्र असंच चालतं, एकट्याचं कामच नाही. आणि म्हणूनच मला वाटतं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या प्राध्यापकांनी यात उतरायला पाहिजे.

लोकांना वाटतं आपल्याकडे मोठी दुर्बीण कुठाय. पण क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, जमिनीवर पोचतच नाहीत, म्हणजे दुर्बीण उपग्रहावरच लागते आणि डेटा सगळ्यांना इंटरनेटवरूनच घ्यायचा, मग तुम्ही केंब्रिजला बसा नाहीतर राजारामपुरीत. फर्मीचा डेटा लगेच खुला होतो, 2015 ला सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटचा ठराविक मुदतीनंतर.

आता त्या डेटात असतं काय? फोटो नाही, फोटॉनची म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाची यादी असते, हा फोटॉन किती वाजता आला, किती ऊर्जेचा होता. ॲस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय उपकरणात भिंगच नाही, एवढ्या ऊर्जेचे किरण भिंगाने वळत नाहीत, म्हणून वर भोकाभोकांचा एक पत्रा बसवलाय. खिडकीच्या जाळीची सावली फरशीवर कुठे पडली त्यावरून ऊन कुठून येतंय ते कळतं ना, तसं त्या पत्र्याच्या सावलीवरून तारा कुठे आहे ते गणिताने काढायचं. आणि 100 किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या वर तर किरण उपकरणाच्या भिंतींतूनच आरपार जातात, म्हणून ते आजूबाजूचं बरंच आकाश बघू शकतं, 2023 पर्यंत त्याने 600 गॅमा किरण स्फोट पकडले होते.

खरी गंमत पुढे आहे. कधी कधी हातात फोटॉन असतात दहा-पंधरा, त्यात पार्श्वभूमीचे किती आणि ताऱ्याचे किती? तिथे नेहमीची सरासरी-विचलनाची पद्धत फसते, मोजक्या घटनांच्या मोजणीसाठीचं पॉयसाँ वितरण लागतं. विश्वरचनाशास्त्रात पण तेच, विश्व प्रसरणाचा वेग (दर मेगापार्सेक अंतराला सेकंदाला किती किलोमीटर) एका पद्धतीने 67 येतो, दुसरीने 73, आणि हा फरक खरा की मोजणीतली चूक हा मोठा वाद आहे, त्यात अर्धं काम संख्याशास्त्राचं. शिवाजी विद्यापीठात फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर सायन्स हे तिन्ही विभाग एकाच कॅम्पसवर आहेत, यापेक्षा जास्त काय पाहिजे!

बाहेरच्या संस्थेबरोबर काम करणं आपल्याला नवीन पण नाही. भूचुंबकत्व संस्थेचा रडार विद्यापीठाच्या आवारात बसवला गेला, पन्हाळ्यावरून वरच्या वातावरणाचा अभ्यास झाला. आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था तर खास विद्यापीठांसाठीच 1988 ला उभी राहिली, तिचे पहिले संचालक जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचेच. आयुकात कॉलेजच्या शिक्षकांना व्हिजिटिंग असोसिएट होता येतं, जाऊन राहायचं, काम करायचं, परत यायचं.

अडचण आहे ती वेळेची. तासिका, पेपर तपासणी, नॅकच्या फायली, आणि कित्येक हुशार तरुण शिक्षक तर सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत, त्यांना तासाचेच पैसे. त्यात प्रमोशनच्या गुणांत पहिल्या लेखकाला जास्त मान, बाकीच्यांना कमी, मग टीममधे कोण येणार? ही गोष्ट विद्यापीठाने मनावर घेतली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तोवर गटानेच सुरुवातीला ठरवून घ्यावं, या पेपरवर पहिलं नाव तुझं, पुढच्यावर माझं.

सुरुवातीला सिग्नस एक्स-1 घ्यावा. सूर्याच्या साधारण 21 पट वस्तुमानाचं कृष्णविवर, क्ष-किरणांत एकदम झळझळीत, त्यामुळे फोटॉन भरपूर मिळतात, आणि आपलं उत्तर बरोबर आलं का ते ताडून बघायला जुने पेपर पण ढिगाने आहेत.