'एम' हा मूकपट नव्हे

फॉरवर्ड होणाऱ्या जुन्या सिनेमांच्या याद्यांमध्ये एक ओळ हमखास असते: लहान मुलांच्या खुन्याचा शोध दाखवणारा जर्मन चित्रपट 'एम' हा मूकपट आहे.

तो बोलपट आहे. मे 1931 मध्ये तो बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' आला होता, म्हणजे जर्मनीतही बोलपट तेव्हा नवाच होता. गैरसमज होणं स्वाभाविक आहे. चित्रपट कृष्णधवल आहे, त्याला पार्श्वसंगीत नाही आणि काही दृश्यांत आवाजच नाही. ती शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. एखादा तुकडा तेवढाच पाहिला, तर मूकपट वाटेलच.

पण कथेचा कणाच आवाजावर उभा आहे. खुनी अस्वस्थ झाला की 'पीअर गिंट' या नाटकाच्या संगीतातली एक धून शिटीवर वाजवतो. पोलिसांना जो सापडत नाही, त्याला फुगे विकणारा एक आंधळा म्हातारा त्या शिटीवरून ओळखतो. मूकपटात हे कसं जमलं असतं? मला तर हा प्रसंग सुरुवातीच्या बोलपटांतला सर्वांत बुद्धिमान वाटतो.

पडताळायचं असेल तर पहिली काही मिनिटं आवाज चालू ठेवून पाहा. अंगणात मुलं खेळताना एक भयंकर गाणं म्हणतात. मग एल्सी या लहान मुलीची आई तिला हाका मारते आणि पडद्यावर रिकामा जिना दिसतो. मूकपटात संवाद मध्येमध्ये लिखित पाट्यांवर येतात, इथे तशा पाट्या नाहीत. इंग्रजी उपशीर्षकांना मात्र त्या पाट्या समजू नका. ती नंतर जोडलेली आहेत.