मूल कशावर वाढतं?

बाळाला तपासायला नेलं की वजन, लांबी आणि डोक्याचा घेर मोजतात आणि तक्त्यावर एक ठिपका मांडतात. तो रेषेखाली गेला की आईबापांचा जीव टांगणीला लागतो. 'खाणं वाढवा' असं डॉक्टरांच्या आधी घरचे आणि शेजारचेच सांगून मोकळे होतात. मुलाच्या वाढीचं सगळं गणित पोटाशी नेऊन जोडायची ही सवय समजण्यासारखी आहे, कारण उपाशी मूल वाढत नाही हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. पण वाढीचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांना ही एकच गोष्ट पुरेशी नाही हे उमगायला दोनशे वर्षं लागली. त्या वाटेत प्रत्येक पिढीने एकेका कारणालाच सर्व काही मानलं आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

एकाच मुलाची वाढ जन्मापासून सलग मोजल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद फ्रान्समधली आहे. फिलिबेर गेनो द मोंबेयार या गृहस्थांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी, तो अठरा वर्षांचा होत आला तोवर मोजली. त्यांचे मित्र आणि निसर्गाचे अभ्यासक ब्युफाँ यांनी ते आकडे आपल्या ग्रंथात छापले. विसाव्या शतकात त्यांचा आलेख काढला गेला, तेव्हा आज प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला पाठ असलेला आकार त्यातून उमटला. वाढीचा वेग पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असतो, मग उतरत जातो आणि वयात येताना पुन्हा एकदा उसळी घेतो.

हे मूल खात्यापित्या घरातलं होतं. गरिबाघरच्या मुलांकडे लक्ष वळवलं ते फ्रेंच डॉक्टर लुई-रेने व्हिलेर्मे यांनी. सैन्यभरतीत घेतलेली मापं तपासून त्यांनी १८२९ मध्ये लिहिलं, की जिथे अन्न, घर, कपडे बरे आणि लहानपणचे कष्ट कमी, तिथे माणसं उंच होतात आणि त्यांची वाढही लवकर पूर्ण होते. खुजेपणाला हवा आणि जमीन जबाबदार असते असं मानण्याच्या त्या काळात हे धाडसाचं विधान होतं.

पुढच्या पन्नास वर्षांत वारं उलटं फिरलं. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८७४ साली निसर्ग आणि संगोपन ही जोडी एकमेकांसमोर उभी केली आणि स्वतःचं मत निसर्गाच्या, म्हणजे रक्ताच्या पारड्यात टाकलं. मूल जन्मतःच जे घेऊन येतं तेच खरं, या समजुतीचे परिणाम भयानक झाले. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि नाझी जर्मनीने १९३३ मध्ये तोच मार्ग धरला. आनुवंशिकतेचा वाटा खोटा नाही. उंचीशी संबंध असलेल्या बारा हजारांहून अधिक जनुकीय खुणा २०२२ मध्ये नोंदल्या गेल्या आहेत. पण त्या खुणांतून मिळालेली शक्यता प्रत्यक्षात किती उतरते, हे मुलाला काय मिळतं यावर ठरतं.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांना सवयींतून हवं तसं मूल घडवता येतं असं वाटे. १९२८ मध्ये त्यांनी आईबापांना सल्ला दिला, की मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा. हा सल्ला त्या काळात लोकांनी शास्त्र म्हणून मानला. दवाखान्यांचे आणि अनाथालयांचे नियमही याच वळणाचे होते. जंतूंच्या भीतीने पाळणे पडद्यांनी वेगळे केलेले असत आणि आईबापांना भेटायला आठवड्यातून एखादी वेळ मिळे.

या शिस्तीत काय होतं, ते १९४५ मध्ये मनोविश्लेषक रेने श्पिट्झ यांनी मांडलं. त्यांनी एका अनाथालयातली बाळं आणि तुरुंगातल्या पाळणाघरातली बाळं यांची तुलना केली. अनाथालयात अन्न आणि स्वच्छता चोख होती, पण एकेका दाईकडे बरीच बाळं होती. तुरुंगात बाळाला सांभाळायला त्याची स्वतःची आई होती. अनाथालयातल्या ९१ बाळांपैकी ३४ बाळं दोन वर्षांत दगावली. तुरुंगात एकही नाही. श्पिट्झ यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि ती रास्त होती, कारण दोन्हीकडची मुलं मुळात सारखी नव्हती. तरी त्यांच्या कामाने आणि १९५१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाने दवाखान्यांची दारं आईबापांसाठी उघडायला सुरुवात झाली.

श्पिट्झ यांच्यापेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो तो एल्सी विडोसन यांचा प्रयोग, कारण त्यांना मायेविषयी काही सिद्ध करायचंच नव्हतं. त्या आहारशास्त्रज्ञ होत्या. युद्धानंतरच्या जर्मनीत १९४८ मध्ये त्यांनी दोन लहान अनाथालयं निवडली. प्रत्येकात सुमारे पन्नास मुलं होती आणि दोन्हीकडे सरकारी शिधा सारखाच होता. दर पंधरा दिवसांनी मुलांचं वजन व्हायचं. पहिले सहा महिने नुसतं मोजायचं आणि मग एका अनाथालयाला जादा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस द्यायचा, असा बेत होता. तिथली मुलं झपाट्याने भरतील, ही अपेक्षा.

झालं उलटंच. जादा खाणं सुरू झालं तिथे वजनवाढ मंदावली आणि जिथे जुनाच शिधा होता तिथली मुलं पुढे गेली. विडोसन यांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की खाणं सुरू झालं नेमक्या त्याच सुमारास दुसऱ्या अनाथालयाची कडक मुख्य बाई बदलून इथे आली होती. मुलांना रागवायला ती जेवणाची वेळ निवडायची. सगळ्यांदेखत एकेकाला उभं करून बोलायची. तिचं संपेपर्यंत ताटलीतलं सूप गार व्हायचं, मुलं भेदरून जायची, काही रडायला लागायची. तिची आठ लाडकी मुलं होती, ती तिने येताना बरोबर आणली होती. त्या आठ जणांना बोलणी बसत नव्हती आणि जादा खाणंही मिळत होतं. सर्वांत चांगली वाढ त्यांचीच झाली. बाकीच्या मुलांच्या मात्र समोर वाढलेलं अंगी लागलं नाही. एका बाईच्या बदलीने आहाराचा प्रयोग उधळला आणि त्यातूनच वाढीच्या अभ्यासाला फार मोठी गोष्ट कळली. हे निष्कर्ष १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दरम्यान प्रश्नाला आणखी एक अंग फुटलं होतं: केव्हा? १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या महिन्यांत गर्भात असलेल्यांचा अभ्यास पुढे अनेक दशकं चालला. त्यातून दिसलं, की उपासमार गर्भारपणाच्या कोणत्या महिन्यांत आली यावर परिणाम बदलतो. शेवटच्या महिन्यांत झळ बसलेली बाळं जन्मताना हलकी भरली. सुरुवातीच्या महिन्यांत झळ बसलेल्यांमध्ये मोठेपणी हृदयविकार जास्त आढळला. इंग्लंडमध्ये डॉक्टर आणि संशोधक डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधल्या आरोग्यसेविकांनी १९११ पासून ठेवलेल्या वह्या शोधून काढल्या. जन्माच्या वेळी आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं, त्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते.

तक्त्याचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्याने असंख्य आयांना विनाकारण घोर लावला. १९७७ चा, जगभर वापरला गेलेला तक्ता लहान बाळांसाठी मुख्यतः अमेरिकेतल्या ओहायोमधल्या, बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांच्या मापांवर बेतला होता. अंगावर पिणारं निरोगी बाळ काही महिन्यांनी त्या रेषेखाली घसरल्यासारखं दिसे आणि वरचं दूध सुरू करण्याचा सल्ला मिळे. मग १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे ८,५०० मुलांची मापं घेतली गेली आणि २००६ मध्ये नवा तक्ता आला. मुलं अशा घरांतली निवडली होती, जिथे वाढीला अडथळा नव्हता. लांबीतल्या एकूण फरकापैकी जेमतेम ३ टक्के फरक देशादेशांतला निघाला, तर सुमारे ७० टक्के एकाच ठिकाणच्या मुलामुलांतला. लहान वयातल्या खुजेपणाला 'आमच्याकडची मुलं अशीच' हे उत्तर त्यानंतर टिकत नाही.

राहिला प्रश्न, की झालेलं नुकसान भरून येतं का? रुमानियात २००० नंतर अनाथालयांसारख्या संस्थांमधल्या १३६ बालकांचा अभ्यास झाला. त्यांतली निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत, म्हणजे परकं मूल सांभाळायला घेणाऱ्या घरांत, पाठवली गेली. त्यांची उंची आणि वजन वर्षभरातच बऱ्यापैकी भरून आलं. बुद्धीची भरपाई मात्र दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांची अधिक झाली.

जमैकातला प्रयोग याहून साधा होता. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची १२९ खुजी मुलं घेतली. काहींना आठवड्याला एक किलो दुधाची पावडर, काहींकडे आठवड्यातून तासभर आरोग्यसेविकेची भेट, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. सेविका पुठ्ठ्याची, रिकाम्या बाटल्यांची खेळणी घेऊन जायची, आईला बाळाशी बोलत खेळायला शिकवायची, खेळणी तिथेच ठेवून पुढच्या आठवड्यात बदलून द्यायची. दोन वर्षांनी मानसिक विकासात सर्वांत पुढे होती ती दोन्ही मिळालेली मुलं. खेळाने उंची वाढली नाही, हेही तितकंच स्पष्ट दिसलं. ते काम खेळाचं नव्हतंच. पण दुधामुळे विकासात झालेला फायदा पुढे ओसरला आणि खेळाचा टिकला. बाविसाव्या वर्षी खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती.

त्या भेटींचा नमुना पुढे बांगलादेशात आणि कोलंबियात नेला गेला. कोलंबियात घरोघर जाण्याचं काम त्या त्या गावातल्याच बायकांना शिकवलं गेलं.